कण-भौतिकशास्त्रज्ञाचं मोठेपण सायटेशनच्या आकड्यांवरून सांगावं का?

कंबरतलाव

मंडळी, नमस्कार. विज्ञान दिनाला सोलापुरातल्या एका महाविद्यालयात रोहिणी गोडबोले यांच्या संशोधनाविषयी बोलायचं आहे. पदार्थविज्ञान शिकवण्यातच हयात गेली, त्यामुळे विषयाची भीती नाही. अडलंय ते दुसरीकडेच. मुलांनी कार्यक्रमाच्या फलकाचा मसुदा पाठवला. वर बाईंचं नाव, फोटो, 'पद्मश्री २०१९', आणि खाली सगळ्यांत मोठ्या अक्षरांत दोन रिकाम्या जागा : 'एकूण सायटेशन' आणि 'एच निर्देशांक'. "सर, एवढे दोन आकडे भरून द्या," असा निरोप.

दोन संकेतस्थळं उघडली, तर दोन्हीकडचे आकडे जुळेनात. पण खरा प्रश्न तो नाही. हे आकडे फलकावर नकोत, असं मी फोनवर म्हटलं, तेव्हा त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "मग त्या मोठ्या शास्त्रज्ञ होत्या हे आम्ही कशावरून मानायचं?" प्रश्न अगदी प्रामाणिक होता, आणि त्याला तितकंच प्रामाणिक उत्तर द्यायला हवं.

बाईंचा प्रवास कुठेही वाचायला मिळतो. १९५२ साली पुण्यात जन्म, हुजूरपागा, स. प. महाविद्यालय, आयआयटी मुंबई, १९७९ मध्ये अमेरिकेत स्टोनी ब्रूकहून पीएच.डी., परत येऊन टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था), १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात अध्यापन, मग बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. २५ ऑक्टोबर २०२४ ला त्या गेल्या. पण कामाचं वजन विद्यार्थ्यांना कसं सांगायचं? आकडे द्यायचे की नाहीत? द्यायचे तर कोणते? या क्षेत्रात असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही लिहावं.

शेंगाचटणी

सर, धागा चांगलाय, पण आधी हा एच निर्देशांक काय असतो ते कोणीतरी सांगा. आम्ही नव्या पेठेत दुकान टाकून बसलेली माणसं, आम्हाला फक्त सेन्सेक्स कळतो.

मंगळवेढेकर

ग्रंथालयात काम करतो, म्हणून सांगतो. एखाद्याच्या निबंधाचा उल्लेख दुसऱ्या कुणी आपल्या निबंधाच्या संदर्भांत केला की ते एक सायटेशन. आता सगळे निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावा. प्रत्येकाला निदान २० सायटेशन आहेत असे २० निबंध निघाले आणि २१ चा हिशोब जमत नसला, तर एच निर्देशांक २०. हॉर्हे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली ही युक्ती मांडली. एकाच गाजलेल्या निबंधावर कुणाचा आकडा फुगू नये आणि शंभर बिनवाचलेले निबंध छापूनही फुगू नये, हा त्यामागचा विचार होता.

सरांना दोन आकडे दिसले त्याचं कारण सोपं आहे. कण-भौतिकीवाल्यांची स्वतःची सूची आहे, इन्स्पायर. तिचं जुनं रूप म्हणजे स्पायर्स, स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेतलं. १९९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतलं पहिलं संकेतस्थळ सुरू झालं, ते मुळात ही सूची जगाला बघता यावी म्हणून! इन्स्पायर मुख्यतः या विषयातलंच साहित्य मोजते. गूगल स्कॉलर सापडेल ते सगळं मोजतं, प्रबंध, अहवाल, सगळं. त्यामुळे गूगलचा आकडा बहुधा मोठा दिसतो. इन्स्पायरवर स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून बघायचीही सोय आहे. ती एकदा करून बघा. काही लोकांचे आकडे बरेच खाली येतात.

शेंगाचटणी

कळलं! धन्यवाद. म्हणजे २० गिऱ्हाईकं अशी, की प्रत्येकानं निदान २० वेळा उधारी ठेवली.

पार्कचौक

@कंबरतलाव सर, माझं मत थोडं वेगळं आहे. आकडे द्या. मी महाविद्यालयात शिकवतो. आकडे नव्हते तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय. नेमणुकीच्या वेळी "हा फार हुशार आहे" असं कुणीतरी वजनदार माणूस म्हणायचा आणि विषय संपायचा. आमच्या भागातल्या पोराच्या मागे असा माणूस उभा नसतो. त्याच्याकडे असतात ते चार छापलेले निबंध आणि त्यांना जगात कुठेतरी मिळालेली सायटेशन. जपानमधल्या अनोळखी माणसानं ओळखीपाळखीशिवाय तुमचं काम वापरलं, याच्याइतका स्वच्छ पुरावा दुसरा कोणता? आकड्यांना नावं ठेवणं मोठ्या संस्थांत बसलेल्यांना परवडतं.

न्यूट्रिनो_ताई

वाखुसा (वाचनखूण साठवली). मूळची सोलापूरचीच (जुळे सोलापूर), सध्या युरोपात एका मोठ्या प्रयोगावर पोस्टडॉक. लिहिण्यासारखं बरंच आहे.

@पार्कचौक, तुमचा मुद्दा मला पटतो, पण तो कण-भौतिकीच्या प्रयोगांना लावून बघा. ४ जुलै २०१२ ला सर्नमध्ये (जिनिव्हाजवळची युरोपीय कण-भौतिकी प्रयोगशाळा) हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर झालं. नंतर तिथल्या ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांच्या गटांचे निबंध आले, प्रत्येकावर तीनेक हजार नावं. २०१५ मध्ये दोघांनी मिळून हिग्जचं वस्तुमान काढलं, १२५.०९ जीईव्ही (कणांच्या ऊर्जेचं आणि वस्तुमानाचं एकक). त्या निबंधावर ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी नऊ पानांत विज्ञान आणि चोवीस पानांत नावं आणि संस्था. यातल्या प्रत्येकाच्या खात्यात त्या निबंधाची सगळी सायटेशन जमा होतात. त्यामुळे अशा प्रयोगावर काही वर्षं काढलेल्या तरुण मुलाचा एच निर्देशांक कित्येक नामवंत सिद्धांतकारांपेक्षा मोठा दिसतो. यात कुणाची लबाडी नाही. काही महिने यंत्राचं, संगणकप्रणालीचं, मोजणीचं काम केल्याशिवाय लेखकांच्या यादीत नाव लागत नाही. पण त्या आकड्यावरून अमक्यानं नेमकं काय केलं, ते कधीच कळणार नाही.

ॲटलासमध्ये नावं आडनावाच्या वर्णक्रमानं लागतात. आद आडनावाचे एक सहकारी तिथे आहेत, म्हणून सगळं जग ॲटलासचे निबंध 'आद आणि इतर' म्हणून उद्धृत करतं. सीएमएसमध्ये आधी देशांचा वर्णक्रम आहे. आर्मेनिया पहिला, म्हणून येरेव्हानच्या संस्थेतले शास्त्रज्ञ कायम पहिले लेखक.

शेंगाचटणी

५,१५४ जणांची हुरडा पार्टी ठेवायची तर अख्ख्या मंगळवेढ्याची ज्वारी लागेल की! @मंगळवेढेकर, तयारीला लागा.

मंगळवेढेकर

ज्वारी आमची, चटणी तुमची. ठरलं.

यंत्रमाग

पूर्व भागातला आहे, घरात तीन पिढ्या माग चालले. ताईंचं वाचून एक गोष्ट जाणवली. सोलापुरी चादर देशभर जाते, तिच्या कोपऱ्यावर नाव असतं कारखान्याचं. ताणा कुणी भरला, सूत कुणी रंगवलं, जकार्डची पंचकार्डं कुणी मारली, हे गिऱ्हाईकाला कधीच कळत नाही. पण पूर्व भागात कुणालाही विचारा, अमुक डिझाइन कुणाच्या हातचं ते लगेच सांगतील. तुमच्या त्या तीन हजारांतही कुणाचं काम काय हे आतल्यांना ठाऊक असणारच ना? मग ते बाहेर कसं कळतं?

न्यूट्रिनो_ताई

@यंत्रमाग दादा, नेमकं विचारलंत. आतल्यांना ठाऊक असतं. प्रत्येक विश्लेषणामागे गटांतर्गत टिपणं असतात, त्यांवर खरं काम केलेल्या पाच-दहा जणांचीच नावं असतात. परिषदेत गटाच्या वतीनं निकाल मांडायला कुणाला पाठवतात, उपगटाची जबाबदारी कुणाकडे देतात, शोधकयंत्राचा कोणता भाग कुणी उभा केला, यावरून प्रतिष्ठा ठरते. नोकरीच्या वेळी हे सगळं शिफारसपत्रांतून बाहेर येतं. म्हणजे @पार्कचौक यांची भीती खरीच आहे. आकडे कामाचे नाहीत म्हटलं की पत्रांना महत्त्व येतं, आणि पत्रं ओळखीवर मिळतात. यावर माझ्याकडे सोपा तोडगा नाही.

भारतीयांचं उदाहरण द्यायचं तर सीएमएसमधल्या हॅड्रॉन कॅलरीमीटरचा (प्रोटॉनसारख्या कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाचा) बाहेरचा थर टीआयएफआर आणि पंजाब विद्यापीठातल्या लोकांनी बनवला. हिग्जच्या निबंधात ते कुठे दिसतं? शेवटच्या यादीत नुसती नावं. पण तो थर नसता तर काही कणांची ऊर्जा मोजणीतून निसटली असती.

अक्कलकोटची_सून

मी भौतिकशास्त्रातली नाही, शाळेत मराठी शिकवते. पण पीटर हिग्ज यांच्याबद्दल वाचलेलं मनात राहिलंय. १९६४ नंतर त्यांनी आयुष्यभरात दहाही निबंध लिहिले नाहीत. एडिनबरा विद्यापीठ दरवर्षी "अलीकडची प्रकाशनं कळवा" म्हणून विचारायचं आणि ते "काही नाही" असं लिहून पाठवायचे. २०१३ साली नोबेल मिळालं तेव्हा त्यांनीच सांगितलं, की आजच्या काळात मला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती. ज्या माणसाच्या नावाच्या कणासाठी पाच हजार लोक राबले, त्याचे निबंधच इतके थोडे की एच निर्देशांक मोठा होणार तरी कसा? सरांनी विद्यार्थ्यांना हे जरूर सांगावं.

पार्कचौक

@अक्कलकोटची_सून ताई, हिग्ज यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण त्यात एक अडचण आहे. निबंध न लिहिणारे शेकडो प्राध्यापक होते. त्यातले एक हिग्ज निघाले. बाकीच्यांनी खरंच काही केलं नव्हतं. एकाकडे बघून नियम करायचा की शंभरांकडे बघून?

जुनीमिल

पार्कचौक यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण नियम करताना निदान घाई करू नये. स्टीव्हन वाइनबर्ग यांचा १९६७ चा निबंध घ्या. जेमतेम तीन पानं. विद्युतचुंबकीय आणि क्षीण बल एकाच सिद्धांतात बसवणारा. पहिली चार वर्षं त्याच्याकडे जवळजवळ कुणी फिरकलं नाही, सायटेशन नगण्य. १९७१ मध्ये हॉलंडच्या खेरार्ड 'ट होफ्ट यांनी दाखवलं, की अशा सिद्धांतात आकडेमोड करताना येणाऱ्या अनंत राशी व्यवस्थित काढून टाकता येतात. मग सगळे धावले. १९७९ मध्ये ग्लॅशो आणि सलाम यांच्याबरोबर वाइनबर्ग यांना नोबेल. आज तो या विषयातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांत आहे. १९७० साली वार्षिक मूल्यमापन झालं असतं तर त्याला काय गुण मिळाले असते?

जपानच्या कोबायाशी-मास्कावा यांचंही तसंच. १९७३ साली तीनच क्वार्क (प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात ते मूलकण) ठाऊक होते, आणि यांनी लिहिलं की निदान सहा असतील तर द्रव्य-प्रतिद्रव्यातला फरक समजावता येतो. चौथा सापडला १९७४ मध्ये, पाचवा १९७७ मध्ये, सहावा थेट १९९५ मध्ये. नोबेल २००८.

न्यूट्रिनो_ताई

+१. आता याची उलट बाजू. डिसेंबर २०१५ मध्ये ॲटलास आणि सीएमएस दोघांच्याही आलेखात ७५० जीईव्हीच्या आसपास एक छोटा उंचवटा दिसला. नवा कण असेल, या आशेनं काही महिन्यांत पाचशेहून जास्त सैद्धांतिक निबंध आले. सगळे एकमेकांना उद्धृत करत होते. ऑगस्ट २०१६ मध्ये जास्त विदा (डेटा) हाती आल्यावर उंचवटा नाहीसा झाला. कण नव्हताच. पण सायटेशन जमा झाली ती झालीच, आजही त्या लोकांच्या खात्यात आहेत.

सप्टेंबर २०११ चा ऑपेरा प्रयोग आठवा. सर्नपासून इटलीतल्या ग्रान सासोपर्यंत ७३० किलोमीटर न्यूट्रिनो (कशातूनही सहसा आरपार जाणारे भाररहित कण) पाठवले आणि ते प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्यासारखे दिसले. जगभर गाजावाजा झाला, खुलाशांचे ढीगभर निबंध आले. शेवटी कारण निघालं प्रकाशतंतूची एक सैल जोडणी.

कुठे गर्दी जमलीये ते सायटेशनवरून कळतं. गर्दी योग्य जागी जमलीये का, ते वीस वर्षांनी कळतं.

शेंगाचटणी

सैल वायरीवर एवढं रामायण? आमच्याकडे इन्व्हर्टरवाला पन्नास रुपयांत बघून गेला असता.

हुतात्मा_एक्सप्रेस

केगावला एम.एस्सी. भौतिकशास्त्र करतोय. एक अनुभव सांगतो. मागच्या वर्षी एकानं मेल पाठवली, "तीन दिवसांत निबंध छापतो, फी भरा, प्रमाणपत्र मिळेल." आमच्यातल्या दोघांनी पैसे भरले. सांगितलं गेलं होतं की पीएच.डी.च्या मुलाखतीत निबंध असला की गुण मिळतात. ते नियतकालिक आता सापडतच नाही. निबंधही गेला, पैसेही गेले. हे आकड्यांच्या मागे लागल्यामुळेच होतं ना?

पार्कचौक

@हुतात्मा_एक्सप्रेस, होय की, ते त्यामुळेच होतं, आणि ते वाईटच आहे. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं निबंध वगैरे मोजून प्राध्यापकांना गुण देणारी एपीआय पद्धत आणल्यापासून प्राध्यापकांतही हेच सुरू झालं. पण मी निबंधांच्या संख्येबद्दल बोलत नाही. तीन दिवसांत छापलेल्या त्या निबंधाला सायटेशन किती मिळाली असती? शून्य. म्हणजे सायटेशनच्या मापानं तो पकडला जातो.

यंत्रमाग

अवांतर : आमच्या पुतण्यानं सांगितलं की गुण देताना पहिल्या लेखकाला जास्त देतात. मग ताई म्हणतात तसा वर्णक्रम असेल तर येमूल आडनावाच्या पोरानं कण-भौतिकीत जाऊच नये काय?

मंगळवेढेकर

@यंत्रमाग, अवांतर नाहीच हे. कण-भौतिकीत दोन-तीन लेखकांच्या सैद्धांतिक निबंधातही नावं वर्णक्रमानंच लावायची प्रथा आहे. इंग्रजी वर्णक्रमात येमूल नेहमी शेवटी येणार, त्याचा कामाशी काही संबंध नाही. पण निवड समितीत रसायनशास्त्राचे किंवा जीवशास्त्राचे लोक बसले असले, तर त्यांच्या विषयात पहिलं नाव म्हणजे मुख्य काम करणारा. ते बघतात आणि म्हणतात, "हा कधीच पहिला लेखक नाही." गोडबोले बाईंच्या बाबतीतही हे लक्षात ठेवा. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं काम मानुएल ड्रीस यांच्याबरोबरचं. 'ड्रीस-गोडबोले' असंच लिहितात, कारण डी आधी येतो.

कंबरतलाव

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा खूप पुढे गेला. मंगळवेढेकरांनी त्या कामाचा उल्लेख केलाच आहे. @न्यूट्रिनो_ताई, ते काम बारावी-बी.एस्सी.च्या मुलांना कळेल असं तुम्ही सांगाल का? मी वर्गात सांगायचो त्यापेक्षा तुम्ही आतून सांगाल.

न्यूट्रिनो_ताई

सर, नक्की. सवडीनं लिहिते.

आपण फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, एकसंध मानतो. त्याला अंतर्गत रचना नाही, विद्युतभार नाही. पण क्वांटम नियमांमुळे जास्त ऊर्जेचा फोटॉन क्षणभर क्वार्क आणि प्रतिक्वार्कच्या जोडीसारखा वागू शकतो. त्या क्षणी दुसरं काही त्याच्यावर आदळलं, तर तो प्रकाशासारखा न वागता प्रोटॉनसारखा, म्हणजे क्वार्कचे बनलेल्या कणासारखा (हॅड्रॉनसारखा) वागतो. फोटॉनची ही 'हॅड्रॉनी' रचना हा बाईंच्या अभ्यासाचा एक मोठा विषय.

आता दुसरी गोष्ट. १९९० च्या सुमारास पुढच्या पिढीच्या सरळ रेषेतल्या त्वरकांची, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रांची, आखणी चालू होती. एका बाजूनं इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूनं त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन, मधे टक्कर. प्रोटॉनच्या टकरीत कचरा फार होतो, इलेक्ट्रॉनची टक्कर स्वच्छ, म्हणून हे यंत्र हवं, असा सगळ्यांचा हिशोब. पण टकरी पुरेशा व्हाव्यात म्हणून कणांचे झुबके अतिशय बारीक आणि दाट करावे लागतात. असे दोन झुबके एकमेकांजवळून गेले की एकाच्या क्षेत्रामुळे दुसऱ्यातले कण वळतात आणि ढीगभर फोटॉन बाहेर टाकतात.

ड्रीस आणि गोडबोले यांनी १९९१ मध्ये या दोन गोष्टी एकत्र आणल्या. हे फोटॉन एकमेकांवर आदळतील, हॅड्रॉनसारखे वागतील, आणि ज्या यंत्राला आपण स्वच्छ म्हणतोय त्यातही हॅड्रॉनांचा कचरा होईल. झुबक्यांची रचना चुकली तर इतका, की हवी ती घटना त्यात शोधणं अवघड जाईल. तेव्हापासून अशा त्वरकाचा आराखडा करताना हा हिशोब करावाच लागतो. झुबक्याचा आकार, दोन झुबक्यांतला वेळ, शोधकयंत्राची रचना, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. पुढे आंतरराष्ट्रीय रेषीय त्वरकाच्या शोधकयंत्रांसाठी जो सल्लागार गट नेमला गेला, त्यात बाई होत्या.

आणि हे त्यांनी केलं तेव्हा त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. वर्गातलं शिकवणं सांभाळून. तिथे कुठला त्वरक नव्हता.

ज्या यंत्रांसाठी हे काम झालं, त्यातलं एकही अजून उभं राहिलेलं नाही. तरी आराखडा करणारे त्यांचा निबंध उघडतात. सर, त्या मुलीला माझं उत्तर हेच असेल : आधी जो प्रश्न कुणी विचारत नव्हतं, तो त्यांच्यानंतर सगळ्यांना विचारावा लागला. सायटेशन त्याची मागून आलेली नोंद आहे.

अक्कलकोटची_सून

किती सुरेख समजावलंत ताई! मला कळलं, म्हणजे कुणालाही कळेल. बाईंनी भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची आत्मकथनं राम रामस्वामी यांच्याबरोबर संपादित केली, तेही व्याख्यानात यावं. त्या कामाला किती सायटेशन मिळतात ठाऊक नाही, पण माझ्या वर्गातल्या मुलींना मी त्यातले भाग वाचून दाखवते.

जुनीमिल

स्त्री-शास्त्रज्ञांचा विषय निघालाय तर बिभा चौधुरी यांचं नाव इथे यायलाच हवं. कोलकात्यात देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर १९४० च्या सुमारास त्यांनी दार्जिलिंग, संदकफूसारख्या उंच जागी छायाचित्रण-पट्टिका ठेवून विश्वकिरणांच्या खुणा मिळवल्या आणि 'नेचर'मध्ये निबंध लिहिले. इलेक्ट्रॉनपेक्षा जड, प्रोटॉनपेक्षा हलका कण. युद्धामुळे चांगल्या पट्टिका मिळेनात, काम थांबलं. १९४७ मध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेल यांनी त्याच पद्धतीनं, उत्तम पट्टिकांवर, पायॉन शोधला. १९५० चं नोबेल त्यांना. पॉवेल यांनी आपल्या लेखनात बोस-चौधुरींचा उल्लेख केला होता, म्हणजे सायटेशन मिळालं. आणि तरीही पुढची कित्येक दशकं आपल्याकडे कुणाला नावसुद्धा ठाऊक नव्हतं. चौधुरी नंतर टीआयएफआरमधल्या पहिल्या स्त्री-संशोधक झाल्या. २०१९ मध्ये एका ताऱ्याला 'बिभा' नाव मिळालं, त्या गेल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. मला या गोष्टीचा अजून राग येतो.

कोलारच्या सोन्याच्या खाणीचंही तेच. जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल जाऊन टीआयएफआर, ओसाका आणि डरहॅमच्या लोकांनी १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत राइन्स यांच्या गटानंही केली. पुढे जपानमध्ये सुपर-कामिओकांडेनं (जमिनीखालची पाण्याची प्रचंड टाकी) १९९८ मध्ये याच वातावरणीय न्यूट्रिनोंवरून सिद्ध केलं की न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे, आणि २०१५ चं नोबेल आलं. आपल्या मुलांना जपानची टाकी ठाऊक असते. सोलापुरातून रोज रेल्वे जातात त्या कर्नाटकातली ही खाण ठाऊक नसते.

पार्कचौक

@जुनीमिल, बिभा चौधुरींचं वाचून थांबलो. इथे माझा मुद्दाही टिकतो असं मला वाटतं. त्यांचे निबंध छापलेले होते, उल्लेख नोंदलेला होता, म्हणून तर पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना त्या सापडल्या. नोंद नसती तर त्या कायमच्या हरवल्या असत्या. म्हणून म्हणतो, सर, आकडा मोठ्या अक्षरांत नको, हे मान्य. पण व्याख्यानात एकदा मुलांना इन्स्पायरचं पान उघडून दाखवा. १९९१ च्या निबंधावर टिचकी मारा आणि त्याला कोण कोण उद्धृत करतं, कुठल्या देशातून, कुठल्या साली, ते पडद्यावर फिरवा.

कंबरतलाव

@पार्कचौक, हे मात्र मी नक्की करणार. फलकावरच्या त्या दोन जागा काढून तिथे एक वाक्य टाकायला सांगितलंय : 'प्रकाशकण क्षणभर हॅड्रॉनसारखा वागला तर काय होईल, हे विचारणाऱ्या रोहिणी गोडबोले.' मुलांना आवडलं. त्या मुलीनं विचारलं की हॅड्रॉन म्हणजे काय. म्हटलं, यायचं व्याख्यानाला.

हुतात्मा_एक्सप्रेस

मी येतोय सर. @न्यूट्रिनो_ताई, एक विचारू? मला या विषयात जायचंय, पण इथे कण-भौतिकीचं कुणी नाही. नियतकालिकंही सगळी मिळत नाहीत.

न्यूट्रिनो_ताई

@हुतात्मा_एक्सप्रेस, नियतकालिकांची काळजी या विषयात सगळ्यांत कमी. १९९१ पासून आर्काइव्ह नावाचं संकेतस्थळ आहे. निबंध छापून येण्याआधी तिथे येतो, फुकट. मी युरोपात ज्या सकाळी वाचते त्याच सकाळी तू केगावात वाचू शकतोस. जेस्ट (भौतिकशास्त्राच्या पीएच.डी.साठीची संयुक्त परीक्षा) आणि टीआयएफआरची प्रवेशपरीक्षा यांची तयारी आत्तापासून धर. टीआयएफआरचा उन्हाळी अभ्यासक्रम आहे, त्यासाठी अर्ज कर.

आणि निबंध छापायची घाई करू नकोस. त्यापेक्षा सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर जा. २०१४ पासून सीएमएसची खरी विदा तिथे सगळ्यांसाठी खुली आहे.

हुतात्मा_एक्सप्रेस

ताई, उघडलं. खूप मोठ्या फायली दिसतायत. माझा लॅपटॉप जुना आहे. कुठून सुरू करू?

न्यूट्रिनो_ताई

मोठ्या फायलींना हात लावू नकोस. दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) सापडलेल्या घटनांची छोटी सीएसव्ही फाईल आहे, ती घे. पायथॉनमध्ये दोन्ही म्यूऑनांची ऊर्जा आणि संवेग वापरून जोडीचं वस्तुमान काढ, सूत्र तुझ्या विशेष सापेक्षतेच्या पुस्तकात आहे. त्याचा आलेख काढ, दोन्ही अक्ष लॉगमध्ये. ३.१ जीईव्हीला जे-साय, साडेनऊच्या आसपास अप्सिलॉन आणि ९१ ला झेड बोसॉनचा उंचवटा दिसायला हवा. न दिसला तर कोड इथेच टाक, बघते.